छोट्या गाडीच्या डब्यातला कॅमेरा

कॅमेरे बसवायला दोन बायका आल्यात हे कळलं की लोक आधी आमच्या मागं बघतात. कुणीतरी माणूस गाडीतून उतरायचा राहिला असेल असं त्यांना वाटतं. आम्हाला आता त्याची सवय झाली आहे. मी आणि माझी धाकटी जाऊ, आम्ही दोघी मिळून धाराशिवात कॅमेऱ्यांचं दुकान चालवतो. मी आयटीआयला वायरमनचा कोर्स केलाय, म्हणून शिडीवर मी चढते, ड्रिल मी मारते, वायर मी ओढते. तिचं डोकं मोबाईलमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये चालतं. रेकॉर्डर लावायचा, गिऱ्हाइकाच्या फोनात ॲप टाकून द्यायचं आणि ते त्याला पुन्हा पुन्हा न चिडता समजावून सांगायचं, हे तिचं काम. तुळजापुरातले लॉज केले, सोन्याचांदीची दुकानं केली, द्राक्षबागा केल्या, एकदा तर माकणीकडच्या एका शेतकऱ्याच्या कडब्याच्या गंजीवर कॅमेरा लावला. पण रेल्वेच्या संग्रहालयाचं काम तोवर कधी आलं नव्हतं.

फोन आला तो संग्रहालय समितीच्या अध्यक्षांचा. येडशीच्या पुढं, हमरस्ता सोडून आत गेलं की त्यांचं गाव लागतं. पूर्वी बार्शीकडून लातूरकडं अरुंद रुळांची छोटी गाडी जायची. पुढं रूळ रुंद झाले, मार्ग थोडा सरकला आणि या गावचं स्टेशन बाजूला पडलं. गावातल्या काही हौशी लोकांनी खटपट करून ती दगडी इमारत राखली, कुठून कुठून सामान गोळा केलं आणि तिथं छोट्या गाडीचं संग्रहालय थाटलं. एक काळंभोर इंजिन, एक लाकडी बाकांचा डबा, हात वर-खाली होणारा सिग्नलचा खांब, पितळी घंटा, कंदील, लाल-हिरव्या झेंड्या. पाहायला शाळेच्या सहली येतात, आणि रेल्वेचं वेड असलेले लोक लांबून लांबून येतात.

"दोन कामं हायेत," अध्यक्ष फोनवर म्हणाले. "एक तर चोर धरायचाय. आन् दुसरं, आमचं इंजिन इंटरनेटवर दिसलं पायजे. चोवीस तास. पुण्यात, दुबईत, कुठंबी बसून माणसाला दिसलं पायजे."

"चोरी काय झाली?" मी विचारलं.

ते जरा घुटमळले. "तसं गेलं काहीच न्हाय. तुमी या तर खरं, मग सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही व्हॅनमध्ये शिडी, वायरची बंडलं आणि खोकी भरून निघालो. अध्यक्ष फाटकातच उभे होते. पन्नाशीचा माणूस, गावात खताचं दुकान, आवाज मोठा, इस्त्रीचा शर्ट. त्यांनीही आधी आमच्या मागं पाहिलं. मग लगेच सावरून घेतलं आणि आम्हाला स्टेशनमास्तरच्या जुन्या खोलीत बसवून सगळा प्रकार सांगितला.

डब्याला कुलूप असायचं, तरी आत भुईमुगाची टरफलं सापडायची. बाकावरच्या धुळीत बसल्याच्या खुणा दिसायच्या. एकदा डब्याची एक खिडकी उघडी सापडली. आणि सगळ्यात नवल म्हणजे हिरवी झेंडी. गार्डची जुनी झेंडी, एका कडेनं उंदरानं कुरतडलेली. ती एके दिवशी डब्यातल्या खुंटीवरून गायब झाली. समितीत आरडाओरडा झाला. काही दिवसांनी झेंडी परत खुंटीवर! आणि कुरतडलेली कड बारीक टाक्यांनी शिवलेली.

"शिवलेली?" माझी जाऊ हसू दाबत म्हणाली.

"हसू नका ताई. गावात लोक काय काय बोलायलेत. कुणी म्हणतं जुन्या गाडीतला पाशिंजर हाय, त्याचा जीव अडकलाय. शाळंच्या सहलीतली लेकरं डब्याजवळ जायला भ्यायलीत. म्या म्हणलं, भूतबीत काय न्हाय, कॅमेरा लावू. काय हाय ते दिसंल."

हे बोलणं चाललं असताना दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले होते. पांढरं धोतर, वर रेल्वेचा जुना खाकी कोट. हे संग्रहालयाचे रखवालदार. छोट्या गाडीच्या काळात इथंच रुळांचे सांधे बदलायच्या कामावर होते आणि निवृत्त झाल्यावर समितीनं चावी त्यांच्याच हातात दिली. घर स्टेशनच्या मागंच. सगळे त्यांना काका म्हणायचे, आम्हीही काकाच म्हणू लागलो.

काका आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत. अध्यक्ष गेल्यावर मी डब्याकडं ड्रिल घेऊन निघाले तेव्हा मात्र आडवे आले.

"हे कॅमेरे माझ्यासाठी लावायलेत ना?"

"नाही हो काका. चोर..."

"चोर कुठला आलाय? चावी माझ्याकडं. म्हंजी म्या झोपतो, न्हायतर म्याच टरफलं टाकतो. तोंडानं म्हणत न्हायत, म्हणून मशीन आणलं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट फार हळू बोलत होते. मी एवढंच म्हणाले, "काका, कॅमेऱ्याचा एक फायदा असतो बघा. ज्यानं काही केलेलं नसतं, त्याच्यावरचं बालंट जातं."

त्यांनी डब्याचं कुलूप काढून दिलं. जाता जाता बजावलं, "लाकडाला भोकं कमी पाडा. सागवान हाय."

डब्यात छताच्या कोपऱ्यात मी एक घुमट कॅमेरा बसवला. अर्ध्या नारळासारखा दिसतो, मध्ये बारीक काच. आवाज टिपणारा होता, कारण अध्यक्षांनी सांगितलं होतं की भूत असेल तर ते बोलतंय काय तेही कळलं पाहिजे. एक कॅमेरा फाटकावर, एक फलाटावर, एक आतल्या दालनात. दुपारपर्यंत चारही चालू झाले, चित्र रेकॉर्डरवर उतरू लागलं. राहिला तो वेब कॅमेरा. इंजिन पुरतं दिसेल अशी एकच उंच जागा होती, सिग्नलचा खांब. मी शिडी खांबाला लावली तसे काका तिथंही हजर.

"त्या खांबाला हात लावायचा न्हाय."

मी शिडी काढली. जावेनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. एवढ्यात काकांच्या घरातून काकूंची हाक आली, "जेवायला या की, पोरींनो! उन्हाचं काय करायलाव तिथं?"

काकू म्हणजे काकांच्या अगदी उलट. आम्ही बसलो न बसलो तोच भाकरी ताटात पडली, मुगाची डाळ घातलेली मेथीची भाजी, वर तेलात भिजवलेली शेंगदाण्याची चटणी. माहेर कुठलं, पोरं किती, शिडीवर चढताना भीती वाटत नाही का, नवरा काय म्हणतो, सगळं विचारून झालं. काका मुकाट जेवले आणि ओसरीवर लवंडले. काकूंनी आमच्या ताटात शेवटची भाकरी वाढली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "तुमी सावकाश जेवा. म्या जरा शेजारी जाऊन येते."

आम्ही भांडी मोरीत ठेवून निवांत पाणी प्यायलो. काका घोरत होते. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही वेब कॅमेऱ्याशिवायच घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या जावेनं रेकॉर्डिंग तपासायला घेतलं. चित्र स्पष्ट येतंय का, तारीख बरोबर पडतेय का, हे आम्ही काम सोपवण्याआधी नेहमी बघतो. मी बाहेर वायरी पट्टीत बसवत होते. आतून तिची हाक आली, "मोठ्या बाई, आधी इकडं या."

ती मला मोठ्या बाई म्हणते ते फक्त काहीतरी घोटाळा झाला की.

पडद्यावर डबा दिसत होता, आदल्या दिवशी दुपारचा. फलाटाच्या उलट्या बाजूचं दार, जे बंदच असतं असं आम्हाला सांगितलं होतं, ते हळूच ढकललं गेलं. आधी एक पिशवी आत आली. मग एक अगदी म्हातारी, हिरव्या नऊवारीतली. तिला मागून हात देऊन वर ढकलणारी एक मध्यम वयाची बाई, गळ्यात शिंप्याची टेप. आणि सगळ्यात शेवटी, पदर खोचलेल्या, आमच्या काकू!

तिघी खिडकीजवळच्या बाकांवर समोरासमोर बसल्या. पिशवीतून शेंगा निघाल्या. टेपवाल्या बाईनं वर पाहिलं, थेट कॅमेऱ्याच्या काचेत, आणि तिचा आवाज स्पीकरमधून खणखणीत आला, "नवा दिवा लावलाय वाटतं."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली. "अंधारच व्हता हितं."

आम्ही दोघी इतक्या हसलो की जावेला ठसका लागला. मग एकदम आमचं हसू थांबलं. काकांची बायको, काकांच्याच डब्यात! समिती काय म्हणेल? आणि काका?

"पुसून टाकू का?" जावेनं विचारलं.

"नको. आपल्याला कामाला बोलावलंय, त्यात आपण काही पुसायचं नाही."

"मग दुपारी अध्यक्ष येणारेत. त्यांना ॲप लावून द्यायचंय. तेच बघतील की."

मी थोडा विचार केला आणि ठरवलं, त्यांनी बघण्याआधी त्या बायकांना सांगायचं. तो दिवा नाही, कॅमेरा आहे. पुढं काय करायचं ते त्यांचं त्या ठरवतील. निदान बेसावध सापडल्या असं व्हायला नको. पण सांगायचं कसं? काकूंना घरात गाठावं, तर काका ओसरीवरून हलत नव्हते. जेवताना मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. जेवण उरकतंय तोच अध्यक्षांचा फोन आला की ते स्टेशनवर पोचलेत. जाऊ तिकडं गेली. काका लवंडले. काकू म्हणाल्या, "म्या जरा शेजारी..." आणि निघाल्या. मी त्यांच्या मागं निघाले.

त्या घराच्या मागून, घाणेरीच्या झुडपांआडून, डब्याच्या पलीकडच्या बाजूला गेल्या. ते दार वरून बंद दिसायचं, पण त्याची खिट्टी खालून उचलली की ढिली व्हायची. हे काकूंना ठाऊक होतं. मी पोचेपर्यंत तिघी आत गेल्या होत्या. मीही पायरीवर पाय ठेवून वर चढले.

आधी तिघी दचकल्या. मग काकूंनी ओळखलं. "अगं, ही तर फाटकावर कॅमेरे लावायली ती पोरगी. ये बस."

"काकू, मला तुम्हाला एक सांगायचंय..."

"बसून सांग की. उभं राहून काय सांगतीस?" म्हातारीनं माझा हात धरून शेजारी बसवलं. हातात शेंगा कोंबल्या. "खा. आमच्या रानातल्या हायेत. ही कोण, ठावं हाय का? हिनंच ती झेंडी शिवली."

टेपवाली बाई लाजली. "उंदरानं खाल्ली व्हती. बघवंना. मिशनीवर न्हाय घातली, हातानंच शिवली."

"आन् हे आमचे," काकू म्हणाल्या, "झेंडी गेली म्हणून दोन रातीचं जेवले न्हायत. म्या सांगणार व्हते, पण सांगितलं तर इथलं येणं बंद. मग काय करू?"

"काकू, ते वरचं..." मी बोट वर केलं.

"व्हय, दिवा. चांगलाय. पण लावीत न्हायत का त्याला?" म्हातारी मध्येच म्हणाली आणि बोलतच सुटली. तिला थांबवणं मला जमलं नाही. खरं सांगायचं तर थोड्याच वेळात थांबवावंसं वाटेनासं झालं.

ती याच गावची लेक. लहानपणी या फलाटावर उकडलेल्या शेंगा विकायची. गाडी यायची, थोडी थांबायची, आणि ती टोपली डोक्यावर घेऊन खिडकी खिडकीनं पळायची. आत बसलेल्या बायका हात बाहेर काढायच्या, त्यांच्या हातातल्या बांगड्या वाजायच्या. गाडी सुटायची तरी ही सोबत पळत राहायची, कारण छोटी गाडी सुटल्यावरही दमानंच जायची. आतल्या बाकांकडं बघायची. कुणी झोपलेलं असायचं, कुणी लेकराला पाजत असायचं, कुणी नुसतंच बाहेर बघत असायचं.

"तुम्ही कधी बसला नाहीत गाडीत?" मी विचारलं.

"कशाला बसते? माहेर बी हेच, सासर बी हेच. त्या आळीतनं ह्या आळीत आले. गाडीनं जायला मला गाव कुठं व्हतं?" ती हसली, दात जवळजवळ नव्हतेच. "पुढं लेकरं झाली, रान झालं. मग गाडीच गेली. आन् आता पोरानं ही गाडी आणून ठेवली, तर कुलूप घातलं. आत जायचं न्हाय, हात लावायचा न्हाय. म्या म्हणलं, आता तर बसणारच."

"पोरानं म्हणजे?"

"अगं, ह्येंचाच पोरगा की अध्यक्ष," काकूंनी सांगितलं.

मी शेंग तोंडाशी नेली होती, ती तशीच राहिली. कारण मला आठवलं की अध्यक्ष त्या क्षणी स्टेशनमास्तरच्या खोलीत बसलेत आणि माझी जाऊ त्यांच्या फोनात ॲप टाकतेय.

तिकडं काय झालं ते मला जावेनं नंतर सांगितलं, आणि अजूनही कुणी पाहुणे आले की ती ते करून दाखवते. तिनं अध्यक्षांना आधी फाटकाचा कॅमेरा दाखवला. तिथं दोन शेळ्या होत्या. त्यांचं कौतुक करण्यात तिनं बराच वेळ घालवला. मग फलाट दाखवला. मग परत शेळ्या. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "ताई, शेळ्या माझ्या घरी बी हायेत. डबा कुठाय?" आणि तिच्या हातातून फोन घेऊन त्यांनी स्वतःच डब्यावर बोट ठेवलं.

पडद्यावर त्यांना दिसल्या त्यांच्या आई, रखवालदाराची बायको, शिंपीण आणि शेंगा खाणारी कॅमेरेवाली. जाऊ म्हणते की ते आधी लाल झाले. उठायला निघाले. तेवढ्यात त्यांच्या आईचा आवाज आला, टोपली घेऊन कसं पळायची ते सांगणारा. ते परत खाली बसले. "त्या आळीतनं ह्या आळीत आले" हे ऐकलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. जावेनं हळूच विचारलं, आवाज बंद करू का. त्यांनी मानेनं नको म्हटलं.

मग ते आले. आम्हाला फलाटावरून चपलांचा आवाज ऐकू आला आणि खिडकीत त्यांचं डोकं दिसलं. काकूंनी पदर तोंडाशी नेला. शिंपीण बाकाखालची टरफलं गोळा करायला लागली. मला वाटलं आता हे ओरडणार, कारण त्यांचा स्वभाव तसा होता.

ते नुसते खिडकीबाहेर उभे राहिले, आईकडं बघत.

"काय बघायलास?" म्हातारी म्हणाली. ती एकटीच घाबरलेली नव्हती.

"आई, तू कधी सांगितलं न्हाईस. शेंगा इकायचीस ते."

"तू कधी इचारलंस?"

म्हातारीनं मूठभर शेंगा खिडकीतून बाहेर केल्या. "धर. फलाटावर टरफलं टाकू नको मात्र. अध्यक्ष लई कडक हाय."

ते हसले, आणि मग सगळेच हसायला लागले. त्या हसण्याच्या आवाजानं काका जागे झाले आणि कोटाची बटणं लावत धावत आले. "कोण हाय? धरला का?" म्हणत त्यांनी डब्यात पाहिलं आणि त्यांना त्यांची बायको दिसली.

"तू?"

"मग काय करू? तुमी जेवून झोपताव. म्या भिंतीकडं बघत बसू का?"

काकांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, फलाटाकडचं कुलूप उघडलं, दार पूर्ण लोटून दिलं आणि म्हणाले, "मागनं चढताना पाय घसरला असता म्हंजी? हिकडनं चढत जा की." एवढं बोलून त्यांनी अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "काका, चुकलं आमचं. तुमच्यावर उगाच शंका घेतली."

काकांनी मान हलवली आणि कोटाची बटणं पुन्हा लावली, ती आधीच लागलेली होती.

शिंपिणीला मात्र एकदम भान आलं. "थांबा. अध्यक्षसाहेबांना कसं कळलं आमी हितं हाव?"

मग मला सांगावंच लागलं. वरचा तो दिवा नव्हे. तिघींनी वर पाहिलं. "आवाज बी येतो?" काकूंनी विचारलं. मी हो म्हटलं. तिघींच्या चेहऱ्यांवरून मला कळलं की गेल्या दोन दिवसांत त्या डब्यातल्या गप्पांत गावातल्या पुष्कळ सुना, जावा आणि नणंदा येऊन गेल्या होत्या.

"ते बंद कर आधी," म्हातारी म्हणाली. "चित्र राहू दे. तोंडं आमची बरी हायेत."

माझ्या जावेनं त्यांच्यासमोर आवाज बंद करून दाखवला. पण त्यांचा विश्वास बसेना. मग म्हातारीला कॅमेऱ्याच्या खाली उभं केलं, शिंपीण फोनापाशी बसली आणि म्हातारीनं मान वर करून, मनापासून, तिच्या धाकट्या सुनेविषयी जे काही होतं ते सगळं बोलून घेतलं. फोनात नुसते ओठ हलताना दिसले. "न्हाय ऐकू येत," शिंपिणीनं जाहीर केलं. "पण लई काहीतरी व्हतं."

त्याच दिवशी चार वाजता काका आपणहून सिग्नलच्या खांबापाशी आले. हातात सायकलच्या ट्यूबचा तुकडा. खांबाला भोक न पाडता लोखंडी पट्टी गुंडाळायची, आणि पट्टीखाली हा रबर घालायचा म्हणजे रंग खरवडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. मी वर चढले, त्यांनी खालून शिडी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि मी उतरेपर्यंत सोडली नाही. वरून इंजिन पुरतं दिसत होतं, त्याच्या मागं डबा, त्याच्या मागं ज्वारीची रानं आणि लांबवर येडशीकडचे डोंगर. कॅमेऱ्याला तेवढं सगळं दिसावं म्हणून मी तोंड जरा डावीकडं वळवलं.

पहिल्या आठवड्यात वेब कॅमेऱ्यावर इंजिनापेक्षा वानरंच जास्त दिसली. एक मोठं वानर खांबावर येऊन बसायचं आणि काचेत डोळा घालायचं. दुबईहून कुणीतरी अध्यक्षांना विचारलं म्हणे, तुमच्या इंजिनाला केस कुठून आले? मग मी परत जाऊन कॅमेऱ्यावर पत्र्याची छपरी बसवली आणि वायर लोखंडी पाइपातून घेतली. वानरं आता खाली फलाटावर बसतात.

समितीत एकाला हे सगळं पटलं नव्हतं. संग्रहालय म्हणजे हात न लावता बघायची जागा, असं तो म्हणाला. अध्यक्षांनी त्याला शांतपणे सांगितलं की दुपारच्या वेळी डबा उघडा राहील, बायकांनी बसावं, उठताना झाडून घ्यावं. वाद तिथंच संपला, कारण त्या सदस्याची आईसुद्धा पुढच्या आठवड्यापासून येऊ लागली.

आता तिथं सात-आठ जणी जमतात. सहलीची पोरं आली की म्हातारी त्यांना टोपली घेऊन कसं पळायचं ते सांगते, आणि पोरं भूत विसरून डब्यात गर्दी करतात. ऊन उतरलं की सगळ्या जणी फलाटावर येतात, तोंड धुऊन, केस नीट करून, कुणी नवं लुगडं नेसून. कारण त्या वेळी हैदराबादेतली नात, पुण्यातला मुलगा, कुणाची बहीण इंटरनेटवर बघत असतात. तिकडून फोन येतो, "दिसलीस, दिसलीस, जरा डावीकडं सरक," आणि इकडं सगळ्या इंजिनासमोर उभ्या राहून हात हलवतात. एकदा मी दुकानात बसून ते बघत होते. काकाही त्यांच्यात उभे होते, कोट घालून, अगदी ताठ.

मागच्या दिवाळीनंतर माझी आई तामलवाडीहून माझ्याकडं राहायला आली. तिला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मलाबी दाखव की." एका रविवारी रेकॉर्डरची तपासणी करायला जायचंच होतं, तर तिला घेऊन गेले. जावेनं आणि मी वायरी बघेपर्यंत ती डब्यात जाऊन बसली. थोड्या वेळानं आतून मोठमोठ्यानं बोलण्याचा आवाज यायला लागला. मी धावत गेले. बघते तर अध्यक्षांच्या आई उभ्या, माझी आई बसलेली, दोघींच्या मध्ये शेंगांची पिशवी.

"ही माझी खिडकी हाय," म्हातारी म्हणत होती.

"नाव लिवलंय का तुमचं?" माझी आई म्हणाली आणि खिडकीची काच आणखी वर सरकवून बाहेर बघायला लागली.

मी मध्ये पडणार होते. पण काकूंनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "राहू दे गं. लई दिवसांनी कुणीतरी बरोबरीचं भेटलंय तिला."